एक मूठ कचरा

नशिराबाद,
शनिवार, २७ नोव्हेंबर १९९९

प्रिय शालिग्राम,

'प्रिय' हा शब्द रीत म्हणून घालायला सांगितला आहे. माझ्या तोंडात दुसरा होता, पण समोर बसून लिहिणाऱ्यांनी तो लिहायला नकार दिला. म्हणाले, पत्र अमेरिकेला जातंय, बरं दिसत नाही. म्हटलं, लिहा मग प्रिय, तेवढ्याने तो काही सुधारत नाही. 'इकडे सर्व खुशाल' असंही पुढे लिहितात ना, ते मात्र मी लिहू दिलं नाही. इकडे खुशाल नाही. आणि हे अक्षर कुंदाचं नाही, हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. तुझी बहीण तुला पत्र लिहिण्याच्या मनःस्थितीत नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून जो माणूस सापडला त्याला बसवलं. मी आपली बोलते 'काय करू रायला रे तू', हे लिहितात 'तू काय करतो आहेस'. माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून तुझ्याकडे येईल. आतला मळ तेवढा जाऊ देऊ नका म्हणून सांगितलंय.

तुझा बर्फातला फोटो पोचला. ती कानटोपी घालून तू भरताला भाजायला ठेवलेल्या वांग्यासारखा दिसतोस. तुझ्या बापाने, भटूने, फोटो काच लावून दारासमोर टांगला आहे. केळीचे घड न्यायला ट्रक आला की ड्रायव्हरला सुद्धा आत बोलावून दाखवतो, म्हणतो, माझा पोरगा तिकडे कॉम्प्युटरची कुलपं बनवतो. मी ओट्यावरून ओरडते, हो, आणि इथलं उघडं टाकून गेला. भटूला वाटतं मी थट्टा करते. लहानपणापासून माझं बोलणं थट्टाच वाटलं त्याला. तुलाही वाटायचं. आज वाटून घेऊ नकोस.

गोष्ट मी पहिल्यापासून सांगणार आहे. तुला ती ठाऊक आहे, पण तुझ्या सोयीची तेवढीच ठाऊक आहे. तू इंजिनियर होऊन जळगावला लखीचंद शेठच्या पेढीवर लागलास, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझे आजोबा, तोताराम, त्याच पेढीवर लखीचंदच्या बापाच्या वेळी कपाशी मोजायचे. लखीचंद तेव्हा चड्डीत होता आणि काटा चालू असताना पासंगाशी खेळायचा म्हणून तुझ्या आजोबांच्या शिव्या खायचा. (लिहिणारे थांबले. म्हटलं, लिहा, खरं आहे ते.) आता तो शेठ झाला. जळगाव, धुळे, शिरपूर, तिन्हीकडे त्याची खरेदी. उद्या कपाशी काय भावाने उचलायची ते जळगावात ठरायचं आणि संध्याकाळी फोनवर धुळ्याला, शिरपूरला कळवायचं. फोनवर बोललं की बोभाटा. सकाळी लिलावात धुळ्याचा अभिमन दलाल लखीचंदच्या भावावर थोडासाच चढवायचा आणि चांगला माल घेऊन जायचा. तू म्हणालास, शेठ, फोनवर बोलूच नका, मी भाव कॉम्प्युटरवरून कुलूप लावून पाठवतो, ऐकणाऱ्याला नुसती खरखर ऐकू येईल. शेठ खूश. मला तर सहा महिने तू मारुतीच्या जागी दिसत होतास.

पण ते कुलूप तू केलेलं नव्हतंस. हे मला कुंदाने सांगितलं, तू नाही. तू घरी मीच केलं म्हणून पेढे वाटलेस. कुंदा त्याला लायब्ररी म्हणते, मी कुलूपच म्हणते. जगभरच्या शिकलेल्या लोकांनी मिळून केलेलं, फुकट, आणि आत कसं चालतं ते सगळं उघड्यावर मांडलेलं. मी तिला म्हटलं, उघडं कुलूप कसलं गं? तर म्हणते, आजी, म्हणूनच पक्कं. इतके डोळे त्यावर असतात की कुठे सैल झालं की कुणीतरी ओरडतं, कुणीतरी दुरुस्त करतं, आणि दुरुस्त केलेलं पुन्हा सगळ्यांना फुकट. गुपित काय ते किल्लीत. मला पटलं. असं काही माणसं मिळून करतात हे ऐकून बरंही वाटलं. आमच्या गावात विहिरीचा गाळ काढायला चार घरं एकत्र येत नाहीत.

तू काय केलंस, त्याची एक प्रत घेतलीस आणि पेढीसाठी तिच्यात हात घातलास. धुळ्याचं मशीन जुनं, म्हणून हे काप. शिरपूरला वीज टिकत नाही, म्हणून ते जोड. आणि शेठला सांगितलंस, हे आपलं घरचं कुलूप. घरचं म्हटलं की लखीचंदला काहीही चालतं. मी कुंदाला विचारलं, म्हणजे केळीच्या बुडाशी आलेलं पील काढून दुसऱ्या वावरात लावल्यासारखं ना? म्हणाली, तसंच. आणि आता मूळ बागेला औषध मारलं तरी आपल्या पिलाला लागत नाही, ते मला इथवर वाहून आणावं लागतं. ते वाहणं तू तिच्या डोक्यावर ठेवून विमानात बसलास. जाताना शेठला म्हणालास, कुंदा आहे, सांभाळेल. तिला विचारलंस का? बी.एस्सी.चा निकाल लागून तिच्या गुणपत्रिकेवरची शाई सुकली नव्हती.

आणि सांभाळायचं म्हणजे काय, ते मी या खोलीत बसून पाहिलंय. तिकडच्यांनी कुलूप दुरुस्त केलं की कुंदा जळगावला इंटरनेटच्या दुकानात रांग लावून ते फ्लॉप्यांवर उतरवून आणायची. दिवाळीत जसा तुझा जुना सदरा आणि नवा सदरा एकावर एक ठेवून मी कुठे उसवलाय ते बघते, तशी ती त्यांच्या आणि तुझ्या कुलपाचे छापलेले कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघायची. इथे त्यांनी बदललं, इथे माझ्या भावाने बदललं, आता दोघांचं जमवू कसं? तू जागोजाग तुझं नाव मात्र घालून ठेवलं होतंस. का बदललं ते कुठेच नाही. एका ठिकाणी लिहिलं होतंस, 'नंतर बघू'. एका ठिकाणी, 'हात लावू नये, शालिग्राम'. ती वाचून हसायची आणि मग डोळे चोळायची. एक दुरुस्ती बसवली की धुळ्याचं बंद पडायचं, धुळ्याचं चालू केलं की शिरपूरचा मुनीम फोनवर खेकसायचा, तुझा भाऊ होता तेव्हा हे होत नव्हतं. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की मला फोनच्या घंटीचाच राग यायला लागला. तू असताना होत नव्हतं, कारण तू असताना तू एकही दुरुस्ती आणली नव्हतीस.

आता कचऱ्याचं सांगते. लिहिणाऱ्यांनी कान इकडे करावेत, हे नीट लिहायला हवं.

ते कुलूप चालू होताना एक मूठ कचरा मागतं. म्हणजे कशाला मेळ नाही असं काहीतरी. बटणं वेडीवाकडी बडवा, तो उंदीर टेबलावर कसाही फिरवा. त्या कचऱ्यातून ते रोज नवी किल्ली घडवतं. कचऱ्याचा अंदाज कुणाला येत नाही, म्हणून किल्लीचाही येत नाही. कुलूप बसवलंस त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला पेढीवर तू कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलंस, फुलं वाहिलीस, आणि चालू करून बडवायला लागलास. आम्ही सगळे होतो तिथे, शेठची बायको तारादेवी प्रसादाचं ताट घेऊन उभी. शेठने विचारलं, हे काय चाललंय? तू सांगितलंस, शेठ, याला आधी कचरा लागतो. लखीचंदचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणाला, लक्ष्मीपूजनाला? माझ्या पेढीचं काम कचऱ्याने सुरू होणार? काढून टाक ते. वहीच्या पहिल्या पानावर आपण जे लिहितो ते घाल. श्री, शुभ, लाभ. रोज त्यानेच उघडलं पाहिजे.

आणि तू 'नाही' म्हणाला नाहीस. तुला ठाऊक होतं काय होईल ते. इतके पैसे घालून शिकवलं ते कशाला, एवढ्या एका 'नाही'साठीच ना? शेठ, हे तेवढं करता येणार नाही, हे वाक्य काही अवघड नाही, आपल्या घरात तर मुलीसुद्धा बोलतात. तू हात जोडून 'जी' म्हणालास आणि संध्याकाळच्या आत कचरा काढून तिथे शुभ-लाभ बसवलंस. रोज तेच शब्द, म्हणजे रोज तीच किल्ली. आणि ते शब्द काय चोरून ठेवलेले आहेत? जळगावपासून शिरपूरपर्यंत प्रत्येक दुकानाच्या वहीवर तेच, उंबऱ्यावर तेच, ट्रकच्या पाठीवर तेच.

उन्हाळ्यात नवी दुरुस्ती बसवताना कुंदाला ते सापडलं. तुझ्या 'हात लावू नये'च्या खालीच होतं. तशीच उठली. बुथवर जाऊन तिने तुला फोन लावला. काय म्हणालास, आठवतं? तिने येऊन मला शब्दाशब्दाने सांगितलं. म्हणालास, गप्प बस, कुणाला कळतंय इथे. मी नोकरीच्या अर्जात हेच काम लिहिलंय, शेठला विचारायला माणसं फोन करतील, आत्ता वास नको. मी सुट्टीत येऊन बघतो. आणि तुझी बहीण गप्प बसली. मी तिला तेव्हाही बोलले, आजही बोलते. भावाची अब्रू आणि मालकाचं कुलूप, यात तिने भावाची अब्रू निवडली. चूक झाली तिची. पण ती चूक तुझ्यासाठी होती, आणि तू तिची काय परतफेड केलीस ते पुढे आहे.

दसऱ्यानंतर कपाशी बाजारात आली आणि अभिमन दलाल पुन्हा चढवायला लागला. अगदी पूर्वीसारखं, शेठच्या भावावर जरासा, प्रत्येक गाडीला. फोनची तार धुळ्यात त्याच्या गच्चीवरून जाते म्हणतात, मला काय ठाऊक. नाशिकहून एक कॉम्प्युटरवाला त्याने पगारावर आणलाय हे मात्र सगळ्या धुळ्याला ठाऊक आहे. कुलूप कसं चालतं ते तर उघडंच असतं, हवी होती ती किल्ली. एके दिवशी भर यार्डात तो लखीचंदच्या मुनिमाला म्हणाला, तुमना शेठना कॉम्प्युटर देवनं नाव लिसन भाव सांगस, आमले बी ऐकू येस. मुनीम बिचारा चिडून आला आणि शेठला म्हणाला, टोमणे मारतो. कुणाच्या डोक्यात आलं नाही की तो माणूस टोमणा मारत नव्हता, देवाचं नाव घेऊन भाव जातो हे खरंच सांगत होता.

शेठच्या डोक्यात एकच आलं. भाव ठरतो तेव्हा खोलीत तो आणि कुंदा. तो तर स्वतःचा भाव विकणार नाही. उरली कोण? सगळ्या मुनिमांसमोर तिला उभं करून विचारलं, अभिमनकडून काय घेतलंस? शालिग्राम, तुझ्या आजोबांनी त्या पेढीवर जन्मभर काटा धरला, एक बोंड इकडचं तिकडे झालं नाही. त्यांच्या नातीला त्याच काट्यासमोर उभं करून हे विचारलं. तिने तरीही तुझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, शेठ, कुलूप सैल आहे, मला दोन दिवस द्या, दुरुस्त करते. शेठने तुला अमेरिकेला फोन लावला. तेव्हा तुला एक वाक्य बोलायचं होतं. किल्ली मी बसवली, तुम्ही सांगितल्यावरून बसवली, कुंदाचा दोष नाही. एवढंच. तू म्हणालास, मी दिलं तेव्हा पक्कं होतं शेठ, नंतर कुणी हात लावला ते बघा. कुणी! बहिणीचं नाव तुला माहीत नाही?

गेल्या सोमवारपासून तिला पेढीवर यायला बंदी आहे. बाजारात बोललं जातंय. नशिराबादच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसलेल्या बाईने मला येऊन विचारलं, अक्का, खरं का हो? जळगावात तिला दुसरं कुणी दारात उभं करणार नाही. ज्या हातात भाव द्यायचा, तो हात विकला जातो असं एकदा लोकांनी म्हटलं की संपलं. ती दिवसभर या खोलीत कॉम्प्युटरच्या मांडणीपाशी बसते. आणि तुला सांगते, शेठ नको म्हणत असतानाही तिने दुरुस्ती केली आहे. तुझं सगळं काढून टाकलं. पील उपटून टाकलं, मूळ बागेतलं जसंच्या तसं लावलं. कचरा मागतंय, मागू दे म्हणाली. फ्लॉप्या डब्यात घालून ठेवल्यात, घेणारा नाही.

आता एक राहिलं. अभिमनला शुभ-लाभचं कळलं कसं? कुंदाला वाटतं, त्या नाशिकवाल्याने अंदाज केला. मी नाही मानत. मागल्या आठवड्यात तारादेवी मुक्ताईनगरला दर्शनाला जाताना आमच्याकडे पाणी प्यायला उतरली. बाई साधी, पोटात काही राहत नाही. शेठच्या कौतुकात म्हणाली, अक्का, यांना त्या कॉम्प्युटरचा किती अभिमान! धुळ्याला व्याह्यांकडच्या लग्नात भर पंगतीत सांगत होते, आमचं मशीन सुद्धा शुभ-लाभ म्हटल्याशिवाय भाव पाठवत नाही. सगळे वाहवा करत होते. मी विचारलं, पंगतीत कोण कोण होतं गं? तिने नावं घेतली. अभिमन तर शेजारच्याच पाटावर होता म्हणाली, त्याने तर शेठच्या पानात आग्रह करकरून जिलेबी वाढायला लावली.

(लिहिणाऱ्यांनी पेन खाली ठेवला होता. पाणी दिलं. आता पुन्हा लिहितायत.)

म्हणजे बघ. कचरा काढायला लावला शेठने. काढला तू. गावभर सांगितलं शेठने. निस्तरलं नाहीस तू. आणि चोर कोण, तर कुंदा.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुझ्याकडून काही व्हावं म्हणून नाही. तुझ्या फोनची वाट बघणं मी सोडलंय, कुंदाने सोडलेलं नाही, ती आत्ताही बुथवर तुझा नंबर फिरवत उभी आहे. ज्या अक्षराखाली तू पगाराची सही केलीस ते अक्षर तू ओळखलंच असशील. आज दुपारी लखीचंद शेठ स्वतः इथे आले. हातात कोरे कागद, खिशात पेन. कुंदाकडून कबुली लिहून घ्यायची आणि सोमवारी पोलिसांत द्यायची, म्हणून. म्हटलं, ती येईलच, तोवर नातवाला माझं एक पत्र लिहून द्या, तुम्हाला नाही म्हणवणार नाही. यांच्या तोंडावर हे बोलले असते तर दुसऱ्याच वाक्याला जीप चालू झाली असती. लिहायला बसलेल्या माणसाला शब्द संपेपर्यंत उठता येत नाही. म्हणून नाव तुझं घातलं आणि सांगितलं यांना. कबुलीसाठी आणलेले कागद या पत्रात संपले आहेत, शेवटच्याच्या मागच्या बाजूला चाललोय. शेठ मान खाली घालून लिहितायत, एवढंच म्हणाले की पाकीट मी स्वतः टाकतो. मी हो म्हटलं. मला वाचता येत नाही, यांनी काय गाळलं, काय गोड केलं, मला कळायचं नाही, आणि वाटेत फाडून टाकलं तर तेही नाही. पण तू वाचू शकतोस. हे तुझ्या हातात पडलं असेल, आणि कचऱ्याची आणि पंगतीची गोष्ट यात जशीच्या तशी असेल, तर समज, ती यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि स्वतःच्या हाताने धाडली, आणि तुझ्या बहिणीला तुझी गरज उरलेली नाही.

तुझीच, अजून तरी,
आजी

(अंगठा माझा. शाई शेठची.)